पोरगं भोकाड पसरतं तेव्हा (आणि त्यानंतर) काय करायचं

मूल जमिनीवर लोळत असताना त्याला काहीही शिकवायला जाऊ नका, त्यावेळी डोक्यात काही शिरत नाही. मेंदूचा जो पुढचा भाग आवर घालतो तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते, मग ३-४ वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा ठेवणार! नुसतं जवळ बसा, त्याला लागणार नाही एवढं बघा आणि हळू आवाजात एकच वाक्य, "टीव्ही बंद केला म्हणून राग आलाय ना?" बास. आणि टीव्ही परत लावायचा नाही हां, आरडाओरडा केला की मिळतं हे एकदा कळलं की संपलंच.

भूक आणि झोप आधी चेक करा. ३ ते ५ वयात दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, आणि आपण लग्नाहून रात्री बाराला येतो नि सकाळी सातला स्कूल व्हॅन दारात, मग किरकिर होणारच ना.

खरं काम नंतरचं, सगळं शांत झाल्यावर, रात्री अंथरुणात वगैरे. "काय वाटत होतं?" विचारलं तर "माहीत नाही" येतं, म्हणून दोन पर्याय द्या: चिडला होतास की हिरमुसला होतास? खेळात घेतलं नाही, घरात बाळ आलं, गॅदरिंगची धास्ती, हे सगळं बाहेर रागासारखंच दिसतं. पोटात गोळा आला का, कान गरम झाले का, हेही विचारा, पोरं शरीराचं पटकन सांगतात. आणि स्वतःचंही बोला, "आज माझी चिडचिड होतेय, पाच मिनिटं दे मला."

गरम वरणभातावर मारतो तशी लांब फुंकर मारायची प्रॅक्टिस खेळताखेळता करून घ्या, ऐन रागात पहिल्यांदा शिकवलं तर जमत नाही. कोणाला मारलं तर हात धरा, "राग आला चालेल, मारायचं नाही." उशीला बुक्के मारायला लावणं मला पटत नाही, त्याने मारायचीच सवय लागते. आणि पडल्यावर आजी "हात् रे जमीन" म्हणत फरशीला फटके मारते ना, तेही प्रेमाने थांबवा, दुखलंय ते बघू म्हणा.

पाच वर्षांचं झाल्यावरही हे रोज तासतास चालत असेल किंवा मूल स्वतःलाच इजा करत असेल तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली मानस हेल्पलाईन १४४१६ पण आहे, फ्री, २४ तास.