कृत्रिम सूक्ष्मरचनेत ग्रेनच्या अक्षांची दिशा कशी ठरवावी

लाटलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात ग्रेन (धातू ज्या सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो ते कण) लाटणीच्या दिशेने लांबट आणि जाडीच्या दिशेने चपटे झालेले असतात. अशी रचना ‘ड्रीम.थ्रीडी’ या संगणकप्रणालीत कृत्रिमरीत्या तयार करताना ग्रेनच्या बाह्य आकाराचे अक्ष आणि त्याच्या आतल्या स्फटिकजालकाचे अक्ष या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे. पहिल्यासाठी ‘ॲक्सिस ओडीएफ’ (ओडीएफ म्हणजे कोणत्या दिशेला किती ग्रेन आहेत हे सांगणारे वितरण) आणि दुसऱ्यासाठी नुसता ‘ओडीएफ’ भरायचा असतो. नावे इतकी सारखी आहेत की नवख्याची गल्लत व्हावी यात नवल नाही.

प्रथम नमुन्याची चौकट ठरवावी: एक्स म्हणजे लाटणीची दिशा, वाय म्हणजे पत्र्याची रुंदी आणि झेड म्हणजे जाडी. त्यानंतर ग्रेनला एलिप्सॉइड (लंबगोलाकार घनाकृती) मानून त्याच्या मधल्या व आखूड अक्षांचे सर्वांत लांब अक्षाशी असलेले गुणोत्तर द्यावे. दोन्ही गुणोत्तरे १ च्या जवळ असतील, तर अक्षांची दिशा भरण्यात अर्थ नाही.

आता ऑयलर कोन, म्हणजे अक्षांची दिशा सांगणारे लागोपाठच्या तीन फिरवण्यांचे कोन, बुंगे पद्धतीने (झेड, मग एक्स, मग पुन्हा झेड अक्षाभोवती), अंशांत भरावेत. (०, ०, ०) दिल्यास लांब अक्ष एक्सवर येतो व आखूड अक्ष झेडवर. लाटलेल्या पत्र्याला हेच हवे असते. ओतकामातील स्तंभाकार ग्रेन झेडच्या दिशेने उभे करायचे असतील, तर (०, ९०, ९०) भरावे. लांब अक्ष पत्र्याच्या प्रतलातून जाडीकडे १५ अंश कललेला हवा असेल, तर मात्र (१५, ०, ०) देऊन चालणार नाही, कारण त्याने ग्रेन प्रतलातच फिरतात. तिथे (२७०, १५, ९०) लागते.

कोनासोबत भार आणि सिग्मा द्यावे लागतात. भार म्हणजे यादृच्छिक वितरणाच्या किती पट ग्रेन त्या दिशेला असावेत, याचे माप. सिग्मा वाढवला की ग्रेनच्या दिशा त्या कोनाभोवती अधिक पसरतात. भार अगदी थोडा ठेवला, तर यादृच्छिक पार्श्वभूमीत तो बुडून जातो.

पूर्ण आकाराचे मॉडेल बनवण्यापूर्वी लहान घन तयार करून ग्रेनच्या आकारांचे मापन करणारा फिल्टर (प्रणालीतील तयार प्रक्रिया) चालवावा आणि घनाच्या कडांना टेकलेले, म्हणजे कापले गेलेले, ग्रेन मोजणीतून वगळावेत. निकालातले कोन रेडियनमध्ये असतात, त्यामुळे १.५७ म्हणजे ९० अंश समजावे. शिवाय कोणत्याही मुख्य अक्षाभोवती १८० अंश फिरवूनही एलिप्सॉइड तसाच राहतो. म्हणून कोनांचे आकडे जुळले नाहीत तरी लांब व आखूड अक्षांच्या दिशा जुळतात का, एवढेच पाहावे.