उचललेल्या हाताचा खांदा कसा काढावा

पेन्सिल, कागद आणि आरसा घेऊन बसा. अंगावर बाह्या नकोत.

खांदा म्हणजे गोळा आणि दंड म्हणजे नळकांडं, हा सल्ला आधी डोक्यातून काढा. हात खाली लोंबकळत असेपर्यंत तो खपतो. हात वर गेला की चित्र फसतं.

सुरुवात हाडांपासून. गळ्याच्या खाचेवर बोट ठेवा आणि क्लॅव्हिकलवरून, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडावरून, बाहेर सरकवत न्या. हे हाड आधी पुढे फुगतं, मग मागे वळतं आणि खांद्याच्या टोकावर एका सपाट उंचवट्याला मिळतं. तो उंचवटा म्हणजे अक्रोमिअन, पाठीवरच्या त्रिकोणी हाडाचा, स्कॅपुलाचा, पुढे आलेला भाग. या दोन्ही खुणा कागदावर घ्या.

आता हात उचला. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं, आणि बहुतेक मार्गदर्शक इथेच घाई करतात. हात एकटा वर जात नाही. पूर्ण वर नेताना होणाऱ्या 180 अंशांपैकी ढोबळमानाने 120 दंडाच्या सांध्यात होतात, उरलेले 60 स्कॅपुला फिरल्यामुळे मिळतात. कुणाला तरी तुमच्या स्कॅपुलाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवायला सांगा आणि हात सावकाश उचला. तो कोपरा बरगड्यांवरून काखेच्या दिशेने बाहेर सरकतो. स्कॅपुला धडावर स्नायूंनीच धरलेली असते. अख्ख्या हाताचा धडाशी हाडाचा सांधा एकच, क्लॅव्हिकल आणि छातीच्या हाडाचा. म्हणून हात वर असेल तर क्लॅव्हिकल तिरपीच काढा, बाहेरचं टोक वर. ती आडवी राहिली तर हात दुसऱ्याच्या अंगावरून आणून चिकटवल्यासारखा दिसतो, आणि कितीही छाया दिली तरी ती चूक झाकत नाही.

अक्रोमिअनही जपून काढा. हात खाली असताना तिथे उंचवटा दिसतो. हात वर गेला की डेल्टॉइड (खांद्यावरचा गोलसर स्नायू) आणि ट्रॅपेझिअस (मानेकडून खांद्याकडे येणारा स्नायू) दोन्हीकडून फुगतात आणि त्याच जागी खळगा पडतो. सवयीने तिथे टेंगूळ काढू नका.

काखेत एक काळी रेघ मारून मोकळं होणं तर मला अजिबात पटत नाही. काखेला दोन भिंती असतात. पुढची छातीच्या मोठ्या स्नायूची, पेक्टोरॅलिसची. मागची पाठीकडून येणाऱ्या दोन स्नायूंची, लॅटिसिमस आणि टेरेस मेजरची. पेक्टोरॅलिसचे खालून येणारे तंतू दंडाच्या हाडावर वरच्या बाजूला चिकटतात आणि वरून येणारे खाली, त्यामुळे हात खाली असताना तिथे पीळ असतो. हात वर नेला की तो उलगडतो आणि पुढची भिंत ताणून सपाट होते. ती डेल्टॉइडच्या खाली शिरताना दाखवा, वरून जाताना नाही.

दंड सोपा आहे. डेल्टॉइड दंडाच्या साधारण मध्यावर, बाहेरच्या बाजूला निमुळता होऊन संपतो. त्याच्या पुढे बायसेप्स, मागे ट्रायसेप्स, आणि खाली दोघांच्या मधून डोकावणारा स्नायू, ब्रॅकिअ‍ॅलिस.

छाया शेवटी. डेल्टॉइडचे तीन भाग सारखे ठळक करू नका: हात बाजूने उचलला असेल तर मधला, पुढून उचलला असेल तर पुढचा.