गावच्या घराला उधई लागली तर काय करावं

उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, औषधाची बाटली आणण्याआधी भिंतीला टेकवून ठेवलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, हलवा. कापूस निघाला की आपल्याकडे तुऱ्हाटी-पऱ्हाटीची गंजी घरामागच्या भिंतीलाच लागते, चुलीला वर्षभर जळण म्हणून. त्याच गंजीत उधई वाढते, उंदीर पिल्लं घालतात आणि विंचू बसतो. गंजी भिंतीपासून १५ फूट लांब, दगडांवर उचलून रचा. कापसाची पऱ्हाटी तर पुढच्या हंगामापर्यंत ठेवूच नका. गुलाबी बोंडअळी तिच्यात दडून राहते आणि तिथूनच परत शेतात जाते.

बाकीच्या किडीचं थोडक्यात सांगते, कारण ते काम सोपं आहे.

ढेकणांची बाज मे महिन्यात अंगणात काढा आणि दोरीच्या प्रत्येक गाठीवर उकळतं पाणी ओता. गोधड्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून तीन दिवस भर उन्हात ठेवा, रोज उलटा. आपलं ४५ अंशांचं ऊन इथे कामी येतं. प्लॅस्टिकच्या आत त्याहून जास्त तापतं आणि पन्नाशीच्या पुढे ढेकूण अंड्यांसकट मरतो. झुरळांना बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या, लेकरांचा हात पोचणार नाही अशा फटीत. मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसा आणि भेग बुजवा.

उंदरांना झिंक फॉस्फाईड घालायचं असेल तर आधी दोन-तीन रात्री नुसतं तेल लावलेलं भरड धान्य ठेवा. ते निर्धास्त खाऊ लागले की मग विष. पहिल्याच रात्री विष ठेवलं तर एखादा मरतो आणि बाकीचे त्या आमिषाला तोंड लावत नाहीत. कोंबड्या आणि लहान मुलं असलेल्या घरात मी पिंजराच लावते.

विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, सरळ दवाखान्यात न्या. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्रॅझोसिनच्या साध्या गोळीने लाल विंचवाच्या दंशातून माणसं वाचवून दाखवली. ती गोळी वेळेत मिळणं महत्त्वाचं.

गव्हा-तुरीला सोंडे लागू नयेत म्हणून दाणा दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवा आणि गार झाल्यावरच कोठीत भरा. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र माणसं झोपतात त्या घरात आणूच नका. ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून जो वायू सुटतो, त्याने बंद खोलीत अख्खं कुटुंब जाऊ शकतं.

आता उधई.

आधी खात्री करा की ती उधईच आहे. लाकडातून पिठासारखा भुगा पडत असेल आणि बारीक गोल छिद्रं दिसत असतील तर तो घुण. बांबूच्या फाट्यांना आणि कच्च्या लाकडाला तो हमखास लागतो, आणि त्याचं औषध त्या लाकडातच करायचं असतं, जमिनीत नाही. उधई भुगा पाडत नाही, ती माती आणते. भिंतीवरून पेन्सिलीएवढी मातीची वाट चढलेली दिसली, चौकटीवर बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ वाजलं, की ती उधई. त्या वाटेचा दोन बोटं भाग मोडून ठेवा. तीन दिवसांत परत बांधला तर आत रहदारी चालू आहे. नाही बांधला तर दुसरी वाट शोधा, निर्धास्त होऊ नका.

आमच्या घराची चौकट सागाची. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, सागाला उधई लागत नाही. ते अर्धंच खरं आहे. सागाचा गडद गाभा टिकतो, बाहेरचा पांढुरका भाग ती खाते. मातीत कुटार (भुसा) कालवून केलेलं लिंपणही खाते.

या चौकटीवर माझी तीन वर्षं गेली. पहिल्या वर्षी सगळे सांगतात तसं वाट खरवडून रॉकेल ओतलं. आठ दिवस समाधान वाटलं, मग चौकटीच्या दुसऱ्या बाजूने वाट चढली. दुसऱ्या वर्षी झुरळं मारायचा स्प्रे मारला. तिसऱ्या वर्षी एका माणसाला पैसे देऊन समोरच्या दोन भिंतींच्या कडेने भोकं पाडून औषध घालून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात उधई देवघराच्या कोनाड्यात निघाली आणि तिथल्या जुन्या पोथ्या आतून पोकळ करून गेली. सासूबाईंनी त्या पोथ्या उघडल्या तेव्हा हातात मातीच आली. ते मी विसरलेली नाही.

तिन्ही वेळा चूक एकच होती. भिंतीवर दिसते ती कामकरी उधई. राणी आणि घरटं जमिनीत असतं, कधी घराखाली, कधी बांधावरच्या वारुळात. वाटेतल्या हजार मेल्या तरी राणीला फरक पडत नाही, ती अंडी घालतच राहते. वासाचं, झोंबणारं औषध वर मारलं की त्या बाजूचा रस्ता सोडून त्या दुसरीकडून येतात. म्हणून औषध जमिनीत, घराभोवती सलग, कुठेही खंड न पडता गेलं पाहिजे. दोन भिंतींना औषध घालणं म्हणजे चार बाजूंच्या शेताला दोनच बाजूंनी कुंपण घालणं.

मीठ आणि हिंगाच्या पाण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मिठाने भिंत ओल धरते, लोणा फुटतो आणि पोपडे पडतात. जळकं ऑईल कुंपणाच्या खांबाच्या बुडाला ठीक आहे, पण घरात उधई त्याला वळसा घालून भिंतीतून चढते. कडुनिंबाचा पाला धान्यात घाला, घराच्या पायाच्या मातीत त्याचा उपयोग नाही.

आणि कपाशीवरचं उरलेलं औषध घरात फवारण्याचा विचारही करू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. बंद खोलीत तेच विष लेकरांच्या श्वासात जातं. ज्या बाटलीवर लाल त्रिकोण, म्हणजे अतिविषारीची खूण, आहे ती उंबऱ्याच्या आत येता कामा नये.

घरासाठी इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एस.सी. हे मागा, आणि लेबलवर इमारतीतल्या वाळवीसाठी असं लिहिलेलं बघूनच घ्या. कृषी केंद्रात पुष्कळदा पिकावरचं १७.८ टक्क्यांचं पुढे करतात, ते नको. इमिडाक्लोप्रिडचा फायदा हा की उधईला ते कळत नाही. ती त्यातून जाते, अंगाला लावून घेते आणि एकमेकींना चाटताना पुढे देते. प्रमाण १ लिटर पाण्याला २.१ मिली. अंदाजे नको, मापानेच घ्या. रॉकेलमध्ये कालवू नका, हे पाण्यात मिसळणारं औषध आहे.

वेळ मे अखेरची. पाऊस पडल्यावर आपली काळी माती फुगते, औषध आत घेत नाही आणि पाणी वाहून जातं. उलट मेमध्ये मातीला भेगा असतात. त्यात थेट ओतलं तर सगळं खोल निघून जातं आणि भिंतीलगतची माती कोरडीच राहते. पहिल्या भिंतीला माझं असंच वाया गेलं. आता मी आधी टिकासाने (कुदळीने) माती भुसभुशीत करून भेगा मोडते आणि मगच ओतते.

बाहेरून भिंतीला अगदी लागून वीतभर रुंद, दीड फूट खोल चर खणा. भिंत मातीची असेल तर एकच फूट, आणि एका वेळी एकाच भिंतीचा. चारही बाजू एकदम उघड्या केल्या तर पाया सुटतो. आमच्या गुरांच्या कोठ्याचा कोपरा असाच खचला होता. उघड्या पडलेल्या पायावर दर चौरस मीटरला साडेसात लिटर या हिशेबाने झारीने औषध सोडा आणि माती परत लोटतानाही तिच्यावर थोडं थोडं घाला.

आत फरशी आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात दर फुटाला १२ मिलिमीटरचं भोक पाडा, खालच्या मातीपर्यंत. शेणाने सारवलेल्या जमिनीत ड्रिल लागत नाही, सब्बल (पहार) पुरते. प्रत्येक भोकात लिटरभर, किंवा माती पिणं थांबवेपर्यंत. हळू ओता. मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजू, न्हाणीचा कोपरा, देवघरामागची जागा, जिन्याखालची अडगळ, कुठलीच सोडू नका. सामान हलवायचा कंटाळा आला की तिथेच खंड पडतो.

३० बाय २० फुटांच्या घराचा घेर १०० फूट. बाहेर साधारण १०० लिटर, आत १०० लिटर, म्हणजे २०० लिटरचा एक ड्रम आणि ४२० मिली औषध. मधल्या भिंतींचं वेगळं धरा.

चौकटीच्या बुडाशी ६ मिलिमीटरची तिरकी, खाली उतरणारी भोकं पाडून नव्या मोठ्या सिरिंजने तेच पाणी भरा, मुरलं की पुन्हा भरा. सगळी भोकं सिमेंटने बुजवा.

हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्या. रांजण आणि भांडी आधी बाहेर काढा, कोंबड्या-शेळ्या दोन दिवस दूर बांधा. विहीर किंवा बोअर भिंतीलगत असेल तर त्या बाजूला औषध घालू नका. तिथली उधई पऱ्हाटी हटवून आणि ओल बंद करूनच रोखायची. रिकामी बाटली ठेचून पुरा. तिच्यात तेल भरून ठेवलेलं मी बघितलंय, तसं कधीच करू नका.

औषध घातल्यावर मातीच्या वाटा लगेच पाडू नका. पंधरा दिवस त्यांना त्यातून चालू द्या. मग खरवडा आणि त्या जागेला चुन्याची खूण करा.

त्यानंतर ती माती खणायची नाही. भिंतीलगत फुलझाडांचा वाफा करायचा नाही, वर नवी माती टाकायची नाही. न्हाणीचं पाणी भिंतीशी मुरत असेल तर आधी मोरी दुरुस्त करा, कारण उधईला ओल लागतेच.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांची उधई येईल. ती बाहेरून येत असेल तर दिवा मालवा, एवढंच. पण पंखवाल्या भिंतीच्या फटीतून किंवा फरशीच्या सांध्यातून निघताना दिसल्या तर घरटं त्याखालीच आहे. त्या जागेभोवती पाऊस उघडताच आतून पुन्हा भोकं पाडा, या वेळी अर्ध्या-अर्ध्या फुटावर.