बडोद्यात पहिलं सत्र घेताना: गट मोकळा करणारे खेळ

नव्या गटासमोर उभं राहिलं की बहुतेक नवशिके 'एकेकाने उठून ओळख करून द्या' इथून सुरुवात करतात. तीस जणांच्या वर्गात त्यात अर्धा तास सहज जातो आणि ऐकत कुणीच नाही. पाळी येईपर्यंत जो तो मनात आपलीच वाक्यं घोकत असतो. सुरुवातीचा खेळ निवडताना एकच निकष लावा: पहिल्या पंधरा मिनिटांत कुणालाही एकट्याने सगळ्यांसमोर उभं राहावं लागू नये.

बडोद्यात याला भाषेची जोड आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची मुलं घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती बोलतात. सयाजीराव विद्यापीठाच्या वर्गात परराज्यातून आलेली, फक्त हिंदी-इंग्रजीवर निभावणारी मुलं असतात. अंताक्षरी, म्हणी ओळखणं, 'दोन खरं, एक खोटं' हे शब्दांवर चालणारे खेळ पहिल्या दिवशी टाळाच. ज्याची भाषा कच्ची, तो तिथेच गप्प होतो आणि मग आठवडाभर गप्प राहतो.

नावांसाठी टाळ्यांचा खेळ घ्या. त्रण ताळीचा, म्हणजे तीन टाळ्यांचा गरबा इथे सगळ्यांच्या अंगात भिनलेला असतो, बाहेरून आलेल्यांनाही ठेका दोन मिनिटांत जमतो. गोलात बारा ते पंधरा जण असावेत. तीस असतील तर दोन गोल करा. दोन टाळ्या, तिसरीवर स्वतःचं नाव. पुढच्या तीन टाळ्यांत सगळ्यांनी तेच नाव परत म्हणायचं. दुसऱ्या फेरीत पहिल्या टाळीवर आपलं नाव, तिसरीवर दुसऱ्या कुणाचं तरी, की पाळी त्याच्याकडे. लय अगदी संथ ठेवा. चुकला तो बाहेर, असा नियम मुळीच नको, कारण बाहेर जाणाऱ्यांनाच नावं पाठ होण्याची जास्त गरज असते. वयाने मिश्र गट असेल तर मीनाबेन, मीनाताई की नुसतं मीना, हे जिचं तिला ठरवू द्या.

त्यानंतर न बोलता रांग. वाढदिवसाच्या क्रमाने, जानेवारी ते डिसेंबर, वर्ष सोडून. वीस-पंचवीस जणांना पाच मिनिटं पुरतात. ओठ हलवून किंवा हवेत अक्षरं काढून सांगायचं नाही. गोंधळ हमखास होतो तो महिना आधी की तारीख आधी यावर: एक जण पाच बोटं मे म्हणून दाखवतो, समोरचा ती पाच तारीख समजतो. हे घडू द्या, मध्ये पडू नका; नंतरच्या चर्चेचा निम्मा मजकूर इथूनच मिळतो. ज्येष्ठांच्या गटात मात्र वाढदिवस घेऊ नका, कारण अनेकांची नोंद शाळेने घातलेल्या १ जूनची असते. त्याऐवजी घरापासून इथवरचं अंतर घ्या.

हातांची गाठ सोडवण्याचा खेळ (गोलात उभं राहून एकमेकांचे हात धरायचे आणि न सोडता गुंता उलगडून पुन्हा गोल करायचा) लोकप्रिय आहे, पण पहिल्या दिवशी मुलामुलींना हातात हात द्यायला लावू नका. दोन हातांमध्ये रुमाल धरायला सांगा. संकोच जातो आणि मनगटही मुरगळत नाही. एका गाठीत आठ ते दहा जण पुरेत. शेजाऱ्याचा हात धरायचा नाही आणि दोन्ही हात एकाच माणसाला द्यायचे नाहीत. उजव्याला उजवा हात असा नियम केलात तर संख्या सम हवी, नाहीतर एक हात उरतो. शेवटी एकच गोल होईल असं आश्वासन देऊ नका. कधी दोन वेगळे गोल निघतात, कधी एकमेकांत अडकलेले, कधी गाठ सुटतच नाही. दहा मिनिटांनी एक रुमाल सोडायची मुभा द्या.

वेळ द्यावा असा खेळ मनोऱ्याचा. मूळ रचना डिझायनर पीटर स्किलमन यांची, पुढे टॉम वूजेक यांनी ती जगभर नेली: चार जणांचा संघ, स्पॅगेटीच्या (न शिजवलेल्या लांब शेवयांच्या) २० काड्या, साधारण मीटरभर चिकटपट्टी, तेवढाच दोरा, एक मार्शमॅलो (मऊ, फुगीर गोळी) आणि १८ मिनिटं. मार्शमॅलो टोकावर ठेवून सर्वांत उंच मनोरा उभारायचा. मार्शमॅलोत बहुधा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, त्यामुळे इथल्या शाकाहारी गटात तो आणू नये. खराट्याच्या २० काड्या आणि एक लहान लिंबू घ्या. काड्या वाकतात पण तुटत नाहीत, लिंबू जड असतं, हिशेब जुळतो. दोरा म्हणून सुतळीच आणा. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत मांजा घरोघरी असतो, पण त्यावर काचेची पूड असते, बोटं कापतात. पंखा अगदी मंद ठेवा. उंची टेबलापासून लिंबापर्यंत मोजायची आणि मनोरा छताला किंवा खुर्चीला बांधायचा नाही, हे आधीच सांगा.

बहुतेक संघ पंधरा मिनिटं काड्या बांधतात आणि शेवटच्या मिनिटाला लिंबू ठेवतात. मनोरा कमरेत मोडतो, कारण तोवर वजनाची परीक्षाच झालेली नसते. वूजेक यांच्या निरीक्षणात बालवाडीची मुलं व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांपेक्षा उंच मनोरे उभारत, कारण ती मार्शमॅलो सुरुवातीपासून टोकावर लावून पाहत. हे खेळाआधी सांगितलंत तर खेळ संपला.

नंतरची चर्चा खेळाइतकीच लांब हवी. नवशिके इथेच घाई करतात आणि 'एकीचं बळ' सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा डोळ्यांनी दिसलेलं विचारा. लिंबू पहिल्यांदा कधी लावलं? 'डुगडुगतंय' असं कुणी म्हणालं होतं का, त्यावर काय झालं? सुतळी पूर्ण वेळ कुणाच्या हातात होती? प्रश्न टाकल्यावर दहा सेकंद शांत राहा. ती शांतता जड वाटते आणि आपण बोलून भरून टाकतो, मग गट बोलत नाही. त्यानंतरच पुढच्या कामात काय वेगळं करणार, ते विचारा.

शाळेच्या वर्गात हे एका दिवसावर थांबू नये. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली जिगसॉ पद्धत इथे उपयोगी पडते. धड्याचे पाच भाग, पाच जणांचा गट, प्रत्येकाकडे एक भाग. सगळ्या गटांतले सारखा भाग आलेले आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परतून शिकवतात. ज्याचा भाग गटात त्याच्याशिवाय कुणाकडेच नाही, त्याचं ऐकावंच लागतं. पहिल्या वेळी भाग लहान ठेवा, अर्ध्या पानाहून जास्त नाही.

खेळायला नको म्हणणारा एखादा असतोच. त्याला ओढू नका, कारणही विचारू नका. घड्याळ सांभाळायला द्या किंवा निरीक्षकाची वही द्या: कोण किती वेळा बोललं, याच्या रेघा ओढायच्या. चर्चेत पहिला प्रश्न त्याच वहीवरून काढा.