धरणावरची बोट सीझनसाठी तयार करायची म्हणजे काय काय करायचं (नवीन मुलांसाठी माझा अनुभव)

मी नाशिकचाच. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं, बरोबरची पोरं सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागली आणि मी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बोटींच्या कामाला लागलो, त्याला आता नऊ वर्षं होतील. दरवर्षी कोणी ना कोणी येऊन विचारतं की दादा बोट चालवायला शिकव ना. मी त्याला आधी पंधरा दिवस बोट घासायला आणि खोलायला लावतो, कारण स्टिअरिंग चार दिवसांत हातात बसतं पण पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडल्यावर बोटीत बसलेल्या दहा माणसांना परत आणायचं असेल तर ती बोट आतून माहीत पाहिजे.

आमचं वेळापत्रक असं, पावसाळ्यात बोटी बंद, दिवाळीत थोड्या चालतात, बाकीच्या ताडपत्रीखाली. महाशिवरात्रीची त्र्यंबकची गर्दी ओसरली की सगळ्या काठावर ओढून घ्यायच्या आणि होळीपर्यंत काम उरकायचं, कारण परीक्षा संपल्या की सुट्टीची माणसं येतात आणि मग हात लावायला वेळ मिळत नाही.

पहिलं काम बुड. ताडपत्री काढली की आधी उंदरांनी वायर कुरतडलीय का आणि गांधीलमाशीने कुठे घर केलंय का बघा, मग बोट धुवा आणि सुकल्यावर नाण्याने टकटक करत फिरा. चांगलं फायबर कडक वाजतं, आतून सुटलेलं असेल तिथे भद्द आवाज येतो. तिथे घासून नवीन मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिन लावायचं, पण आपल्या मार्चच्या दुपारी हार्डनर (रेझिन घट्ट करणारं औषध) जरा जास्त पडलं की रेझिन डब्यातच घट्ट होतं, म्हणून हे काम सकाळी आणि थोडं थोडं कालवून.

आता इंजिन, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, बाहेरचं पाणी ओढून थंड होतं, ते पाणी ओढणारा रबरी पंखा म्हणजे इम्पेलर. माझ्या पहिल्याच वर्षी मी काठावर, पाण्याशिवाय, चालू होतंय का बघू म्हणून दोन मिनिटं इंजिन चालवलं आणि इम्पेलरची पाती जळून गेली. आमचे म्हातारे मिस्त्री, त्यांना सगळे मामा म्हणायचे, ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "इंजिनाला आधी पाणी पाज रे, मग बोलव." त्या दिवसापासून पाण्याचा ड्रम भरून खालचा भाग त्यात बुडवल्याशिवाय मी चावी फिरवलेली नाही. चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार आली पाहिजे, धार नाही तर लगेच बंद. आपल्याकडे उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरत जातं, काठाला गाळ ढवळतो आणि तो गाळच इम्पेलरला खातो, त्यामुळे मी तो दरवर्षी नवीनच टाकतो, जुना चांगला दिसत असला तरी.

दुसरं गिअर ऑइल. इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या भागात गिअर असतात, तिथला खालचा स्क्रू काढायचा, मग वरचा, आणि ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्यायचं म्हणजे रंग कळतो. दुधासारखं आलं तर आत पाणी शिरलंय, पाणी अडवणारं ऑइल सील गेलंय. आमच्याकडे याचं कारण बहुतेक वेळा मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा, तो प्रोपेलरच्या (बोट ढकलणाऱ्या मोठ्या पंख्याच्या) मागे शाफ्टला गुंडाळतो आणि सील कापतो, म्हणून प्रोपेलर काढून मागे बघायचंच. नवीन ऑइल खालून वर भरायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा, वॉशर नवीन. उलटं केलं तर आत हवा राहते.

पेट्रोल जुनं वापरू नका. पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं असतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि चार महिन्यांनी टाकीच्या तळाला पाणी सापडतं, कार्बोरेटर चिकट होतो तो वेगळाच. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, पाइप वाकवून चिरा बघा. टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं) इंजिन असेल तर पेट्रोल-ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघूनच, बऱ्याच इंजिनांना 50:1 लागतं पण सगळ्यांना नाही. बॅटरी चार्ज करून काही तास ठेवून मोजा, 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे. अजून एक, समुद्रातल्या बोटीला, गंजाने इंजिनाऐवजी तो खावा म्हणून, जस्ताचा तुकडा लावतात, तो गोड्या पाण्यात थर बसून निकामी होतो, आपल्याला मॅग्नेशियमचा.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. प्रत्येक जॅकेट हातात घेऊन पट्टा जोरात ओढायचा, बकल लावून बघायचं, पाण्यात टाकून तरंगतं का बघायचं, लहान मुलांची वेगळी ठेवायची. फाटलेलं जॅकेट शिवून परत ढिगात टाकायचं नाही, ते बाजूलाच.

या लाइनमध्ये नीट यायचं असेल तर गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट आणि लाइफ सेव्हिंगचे कोर्स होतात, ते करा. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो, मालकाकडे कागद बघायला मागायला लाजू नका, बोट तुम्ही चालवणार आहात.

सगळं झालं की पाण्यात सोडायच्या आधी बुडाचं बूच घट्ट आहे का ते स्वतःच्या हाताने बघा. मग एकट्याने, किल स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला अडकवून, काठाजवळच अर्धा तास चालवा. पाणी उतरल्यावर कुठे खडक वर येतात ते याच वेळी बघून ठेवा, मामांनी मला बोटीत बसवून एकेक दाखवले होते. परत आलात की तळाची फळी उचलून हात फिरवा, हात कोरडा आला तर उद्यापासून माणसं बसवायची.