मुलांना नाणी ओळखायला आणि चिल्लर मोजायला कसं शिकवायचं?

ठाण्यात जांभळी नाक्याला जा नाहीतर गावदेवी मार्केटला, कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा लोक मोबाईल काढून स्कॅन करतात, मग नाणी पोरांच्या हातात येणार कुठून? म्हणून आधी घरात चिल्लर जमवा. रिक्षावाल्याला, डेअरीवर, वडापावच्या गाडीवर मुद्दाम कॅश द्या आणि सुट्टे परत घ्या. २, ५, १० आणि २० ची चार-चार तरी हवीत, १ ची मात्र भरपूर लागतात. आणल्यावर साबणाने धुवून पुसून घ्या. मूल अजून हाताला लागेल ते तोंडात घालत असेल तर हा खेळ आत्ता नकोच, आणि घरात धाकटं रांगत असेल तर नाणी मोजून डबा वर ठेवायचा. कोणी गिळलंच तर घरगुती उपाय करत न बसता सरळ डॉक्टर.

पहिले काही दिवस मोजणं नाही, फक्त ओळख. ताटात सगळी ओता आणि सारखी वाटतात ती वेगळी करायला सांगा. इथे बहुतेक जण "मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे" असं सांगून मोकळे होतात, आणि पोरं तिथेच गंडतात, कारण २०११ च्या सिरीजमधलं २ चं नाणं २५ मिमीचं आणि ५ चं २३ मिमीचं, म्हणजे दोनचंच मोठं! २०१९ पासूनच्या नवीन सिरीजमध्ये १ पासून १० पर्यंत किंमत वाढते तशी साइज वाढते खरी, पण डब्यात जुनी-नवी दोन्ही निघणार. त्यामुळे आकड्याची बाजू वर करून आकडाच वाचायला लावा. १० चं दोन रंगांचं, ते पटकन कळतं. २० चंही दोन रंगांचंच पण गोल नाही, त्याला १२ बाजू आहेत, डोळे मिटून कडेवरून बोट फिरवू द्या. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की छाप उमटतो, पोरं त्यात तासभर रमतात. आजीच्या डब्यातून चार आणे निघाले तर बाजूला ठेवा, ते ३० जून २०११ पासून बंद झालेत. बाकी १० ची डिझाइन्स बरीच आहेत आणि सगळी चालतात, दुकानदार कितीही नाक मुरडो.

खरी गोची पुढे. ५, २ आणि १ समोर ठेवून किती रुपये विचारलं की उत्तर येतं "तीन"! मूल नाणी मोजतं, रुपये नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, आजवर आपण त्याला वस्तूच मोजायला शिकवल्यात. यावर उपाय अदलाबदलीचा. ५ चं नाणं ठेवा, त्याच्या खाली १ ची पाच नाणी ओळीने लावायला सांगा, मग तुम्ही दुकानदार व्हा, त्याने पाच सुट्टी दिली की तुम्ही एक ५ चं द्यायचं, मग उलटं. २ आणि १० चंही तसंच. याला वेळ द्या, आठवडा गेला तरी चालेल, हे डोक्यात बसल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग बेरीज, आणि नेहमी मोठ्या नाण्यापासून. ५, २, १ असेल तर आधी ५ वर बोट, "पाच", मग २ च्या नाण्यावर दोनदा टकटक करत "सहा, सात", मग "आठ". दोनदा टकटक करायला विसरलं तर परत पाचपासून. वीसपर्यंत जमलं तरी खूप झालं.

शेवटी दुकान. आधी घरात, बिस्किटाचा पुडा ५, पेन्सिल ७ असे भाव चिकटवून, मग खऱ्या मार्केटात, पण संध्याकाळच्या गर्दीत नको, मागचे लोक कटकट करतात. सकाळी जा आणि "काकू, हे घ्या पैसे" म्हणत त्यालाच मोजून देऊ द्या. उरलेले पैसे परत घेणं अवघड असतं, वजाबाकी करायला लावू नका, १२ रुपयांच्या वस्तूला २० दिले तर बारापासून पुढे मोजत जायचं, तेरा, चौदा, पंधरा, असं वीसपर्यंत, जितकी बोटं उघडली तितके परत.