लेक्चरेटला 'डॉक्ट्रिन' विषय आला तर या चुका टाळा

देवळालीत राहणाऱ्याला तोफांचं काही नवल नाही, रेंजवर फायरिंग असलं की आमच्या खिडकीच्या काचा खडखडतात आणि आई उगाच गच्चीवरचे कपडे बघायला जाते. अशाच एका दुपारी भाच्याची एसएसबीची, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडायच्या मुलाखतीची तयारी घेत होतो, त्यातल्या लेक्चरेटसाठी, म्हणजे दिलेल्या विषयावर बोलण्यासाठी तीन मिनिटांचा टायमर लावला, विषय दिला 'लष्करी डॉक्ट्रिन', पठ्ठ्या 40 सेकंदांत गार.

डॉक्ट्रिन म्हणजे सैन्याने लढायचं कसं याची ठरवलेली पद्धत. पहिली चूक म्हणजे ते नुसतं एक पुस्तक समजायचं. अरे बाबा, छापलेलं सरावात उतरलं नाही तर ती रद्दीच ना. म्हणून तर आपली आर्मी ट्रेनिंग कमांड, 1991 ची, आता शिमल्यात आहे, ती डॉक्ट्रिन आणि ट्रेनिंग ही दोन्ही कामं बघते, आणि अमेरिकेने 1973 मध्ये काढलेल्या कमांडच्या तर नावातच ट्रेनिंग आणि डॉक्ट्रिन दोन्ही होतं.

दुसरी चूक जवळपास सगळेच करतात. 'फ्रान्स 1940 मध्ये हरला कारण पहिल्या महायुद्धातून काही शिकलाच नाही.' उलट आहे! फ्रान्सने त्या युद्धाचा भरपूर अभ्यास केला, टँकही कमी नव्हते, पण धडा घेतला तो आधी तोफा लावा, वरून ऑर्डर येऊ द्या, मग पाऊल टाका असा. 1919 नंतर जर्मनीत जनरल सेक्टने त्याच युद्धावर अधिकाऱ्यांच्या कमिट्या बसवल्या, त्यातून निघालं की समोर जो अधिकारी आहे त्यानेच ठरवायचं, आणि तसाच सराव करून घेतला. 1940 मध्ये फ्रान्समधल्या सेदानला फ्रेंचांचा हिशोब होता की जर्मनांना तोफा पुढे आणायला काही दिवस लागतील, तर त्यांनी तोफांचं काम विमानांकडून करून घेतलं आणि 13 मे ला म्यूज नदी ओलांडली पण.

कोल्ड स्टार्टबद्दल, म्हणजे पाकिस्तानवर झटपट चढाई करायच्या भारतीय डॉक्ट्रिनबद्दल बोलायचं तर आधी ऑपरेशन पराक्रम सांगा. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, मग या मोहिमेत सैन्य सीमेवर पोचायला साधारण तीन आठवडे गेले, ती अडचण सांगितल्याशिवाय 2004 चं कोल्ड स्टार्ट काही कळतच नाही. भाच्याच्या क्लासच्या नोट्समध्ये नुसती व्याख्या होती, तीही इंग्रजीतून पाठ केलेली.

आणि स्ट्रॅटेजी (युद्धाची एकूण योजना), टॅक्टिक्स (प्रत्यक्ष लढाईतले डावपेच), डॉक्ट्रिन एकाच अर्थाने वापरू नका, एवढंच.

भाच्याने परत टायमर लावला, यावेळी थेट सेदानपासून सुरुवात, जोशात होता, पण तीन मिनिटं संपली तरी जर्मन अजून नदीच्या अलीकडेच.